चित्र थांबवायचं बटन

सिनेमा दाखवणाऱ्या माणसाचं सगळं शिक्षण एका वाक्यात मावतं. चित्र थांबता कामा नये. फिल्म तुटो, वीज जावो, काहीही होवो, पडदा पांढरा पडला की खालून आधी शिट्ट्या येतात, मग शिव्या, आणि तरीही उशीर झाला तर चपला. मी ते फार लवकर शिकलो. कृष्णाकाठच्या आमच्या गावात जत्रेला तंबूतला सिनेमा आला होता, आणि जत्रा पांगल्यावर तंबूबरोबर मीही गेलो. सातवी अर्धी राहिली ती राहिलीच.

पुढं तंबू गेले आणि मी पक्क्या थेटरांत लागलो. एका मालकानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं, असं करत करत पार आदिलाबादला येऊन टेकलो. इथली मराठी कानाला निराळी. आमच्याकडं 'का' म्हणतात तिथं ही माणसं 'काऊन' म्हणणार. मी 'न्हाई' म्हटलं की ही हसणार. पण पोटाला मिळत होतं. मग सिनेमा आकाशातून, उपग्रहावरून यायला लागला, मशीनच्या खोलीत माणसाची गरज उरली नाही, आणि आमच्या थेटरात कापसाच्या गाठी भरल्या. माझा स्वभाव मुळात घाबरट. उद्यापासून येऊ नका, असं कुणीतरी म्हणणार, ही धाकधूक मला चांगल्या दिवसांतही असायची. ते एकदाचं कुणीतरी म्हटलं तेव्हा मला रडू आलं नाही, उलट ओळखीचं काही भेटल्यासारखं झालं.

त्यातून मला बाहेर काढलं ते बेला गावाकडच्या एका शाळेच्या हेडमास्तरांनी. तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलायचे. शाळेला कुणीतरी दिलेले प्रोजेक्टर बंद पडलेत, बघाल का, म्हणून मला मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन गेले. दोष मोठा नव्हता. पंख्यांत खडूची पूड बसली होती. ब्रशनं झाडली, तेलाचा थेंब सोडला, दिवे लागले. हेडमास्तर म्हणाले, "इधरीच रुक जाओ ना जी. खाना अपना स्कूल का, कमरा किचन के पीछे. पगार का देखते." मी थांबलो. आजही कुणी विचारलं तर मी सांगतो, मला त्या शाळेनं ठेवून घेतलं.

ते दिवस उचलठेवीचे होते. नवं राज्य होऊन गेलं होतं आणि आता जिल्ह्याचे तुकडे पडत होते. एकाचे चार झाले. कचेऱ्यांची कपाटं ट्रॅक्टरवर लादून या गावाहून त्या गावी जात होती, आणि आपण कोणत्या जिल्ह्यात पडलो हे माणसं बस स्टँडवर एकमेकांना विचारत होती. आमच्या शाळेतही तसंच. पूर्वी रस्त्याच्या अलीकडं मराठी शाळा आणि पलीकडं तेलुगू शाळा होती. त्यांची एक शाळा केली. एक हेडमास्तर, एक घंटा, दुपारच्या भाताचं एक पातेलं. सातवीचे मात्र तीन वर्ग राहिले, तेलुगूच्या दोन तुकड्या आणि मराठीची एक. त्यांना विज्ञान शिकवणारे दोघे होते. त्यांतले एक वाटणीत बेल्लमपल्लीकडं, कोळशाच्या गावी गेले. उरल्या एकट्या बाई.

बाईंचं घर आदिलाबादेतलं जुनं. आजोबा निजामाच्या वेळचे पेशकार, वडील कचेरीत, भाऊ बँकेत. घरात मराठी, आणि बाजारात, शाळेत तेलुगू. दोन्ही भाषा त्यांच्या तोंडात सारख्याच. तीन खोल्यांना पुरेल असं माणूस त्या शाळेत दुसरं नव्हतं, पण माणसाला पाय दोनच असतात. त्या एका खोलीत बोलत असल्या की उरलेल्या दोन खोल्यांत मारामारी.

वरून सांगणं आलं होतं की शिक्षक एक तर वर्गही कमी करा. सगळ्यांत लहान वर्ग मराठीचा. हेडमास्तरांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "बड़े साहब आके देखेंगे. एक टीचर में तीन कमरे चले तो चले. नहीं चले तो मराठी क्लास बंद. बच्चे तेलुगू में बैठेंगे." ते हे आनंदानं सांगत नव्हते. तेलुगूत बसवलं की यांतली अर्धी पोरं शाळेतच येणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

स्वयंपाकाच्या मावशींना तर चांगलंच ठाऊक होतं. त्यांची नात त्याच मराठी सातवीत होती. "बंद झालं तं तिची माय तिले कापूस वेचाले नेईन," मावशी भात उपसत म्हणाल्या. "माही पोरगी बी शाळा सोडून तशीच गेली. आता हे."

बाई मशीनच्या टेबलाशी आल्या. "भाऊ, तुमी थेटरवाले. तीन खोल्यांत एकच चित्र एकाच टायमाला चालवता येईन का?"

मी लगेच हो म्हटलं. नाही म्हणायला धीर लागतो.

"ऐका पुरं," त्या म्हणाल्या. "मी या खोलीतून त्या खोलीत गेली का धडा तिथंच असला पायजे, जिथं मी इथं सोडला. पुढं बी नाई, मागं बी नाई. मंग मी एकटी तिघांना पुरते."

पहिल्यांदा आम्ही सोपी वाट धरली. तिन्ही खोल्यांत एकेक जुना कॉम्प्युटर, त्यात चित्रं आणि बाईंचा भरून ठेवलेला आवाज, दोन खोल्यांत तेलुगू, एकीत मराठी. घंटा झाली की तिन्हीकडं एकदम सुरू करायचं. पण आमच्या शाळेच्या भिंती छपराला टेकत नाहीत. कौलांखाली हातभर मोकळी जागा, तिथून चिमण्या या वर्गातून त्या वर्गात जातात. आवाजही गेला. तीन बाई एका छपराखाली बोलायला लागल्या, आणि चौथ्या, खऱ्या बाई व्हरांड्यात कपाळाला हात लावून उभ्या. मावशी चुलीपासून ओरडल्या, "काहो थेटरवाले, बाईचं भूत काऊन सोडलं शाळेत?"

आवाज काढून टाकला. प्रत्येक चित्राखाली त्या त्या भाषेत दोन ओळी लिहायच्या आणि वर्गातल्या एकानं उठून त्या वाचायच्या, असं ठरलं. वाचण्याचा आवाज भिंतीवरून गेला तरी पोरांना आपला वाचणारा ओळखू येतो. पण आता एक कॉम्प्युटर पुढं, एक मागं व्हायला लागला. जुनी यंत्रं, प्रत्येकाची चाल वेगळी.

यावर उपाय सापडला तो लग्नाच्या मांडवात. गावातल्या एका लग्नात दिव्यांच्या माळा आलटून पालटून पेटत होत्या. त्या पेटवणारा डबा मी मांडववाल्याकडून ओळखीवर मागून आणला. तो ठरावीक वेळानं टिक करतो. त्या टिकेवर तिन्ही कॉम्प्युटरच्या माऊसची बटनं एकदम दाबली गेली तर? मी तीन माऊस उघडले, त्यांच्या तारा बाहेर काढल्या आणि डब्याला थेट जोडायला निघालो.

"थांबा थांबा," बाई म्हणाल्या. "सगळं जाळून टाकसाल. मधात रिले लावा."

रिले मी थेटरात शेकडो वेळा बदलला होता. तो आत काय करतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी फळ्यावर खडूनं गुंडाळी काढली, तिच्यात वीज गेली की लोखंडाचा तुकडा कसा ओढला जातो आणि दुसरीकडची तार कशी जोडली जाते, ते दाखवलं. शाळा सुटली होती. मी पहिल्या बाकावर बसलो होतो आणि माझे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. कळलं का, असं त्यांनी मला विचारलं, अगदी पोरांना विचारतात तसं. मी म्हटलं, पुन्हा एकदा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं, न कंटाळता. तेवढ्यासाठी मी त्या बाईंचा जन्मभर ऋणी आहे.

डबा टिक करायचा, रिले खटकन ओढायचे, तिन्ही खोल्यांत चित्र बदलायचं. सिनेमात रीळ संपायच्या आधी चित्राच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, दुसऱ्या मशीनवरच्या माणसाला तयार राहा म्हणून. तसे रंगीत ठिपके मी चित्रांच्या कोपऱ्यात टाकायला लावले. व्हरांड्यातून जाताना तिन्ही दारांतून एकाच रंगाचा ठिपका दिसला की बाईंना कळायचं, पोरं बरोबर आहेत.

"आता थांबवायचं बटन लावा," बाई म्हणाल्या. "तिन्ही खोल्यांत. कोणाले नाई कळलं का त्यानं दाबायचं. सगळीकडं थांबन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "बाई, थांबवायचं कशाला? एकदा थांबलं की गोंधळ. कशीबशी तर चालायला लागलीत."

"मंग पोराले नाई कळलं तं काय करायचं?"

"पुढच्या वेळी कळंल."

"तुमाले कळला का रिले पहिल्या वेळी?"

मी बटनं लावली. साधी भिंतीवरची बटनं, फळ्याशेजारी, आणि माझ्या व्हरांड्यातल्या टेबलावर तीन छोटे दिवे, कोणत्या खोलीनं थांबवलं ते दाखवणारे. खरं सांगायचं तर कुणी ती दाबू नयेत असंच मला वाटत होतं. दिवा लागला की मी डबा तपासायला उठायचो. आता शिट्टी येणार. शिट्टी यायची नाही. बाई चालत त्या खोलीत जायच्या, बोलायच्या, बटन वर करून चित्र पुन्हा सुरू करायच्या. तरीही प्रत्येक वेळी मी उठायचोच.

सगळी जमवाजमव झाल्यावर पहिला पुरा धडा लावला. बाई तेलुगूच्या खोलीत शिरल्या आणि पडद्यावर चित्राऐवजी नुसती डोकी दिसायला लागली. प्रोजेक्टर मी टेबलावर ठेवले होते, बसलेल्या पोरांच्या डोक्यांवरून उजेड जाईल अशा उंचीवर. नीट मापून ठेवले होते. पण बाई दारात आल्या की पोरं उभी राहतात. दोन्ही हात जोडून नमस्ते म्हणतात. आणि या नव्या पद्धतीत बाई सारख्या कुठल्यातरी दारात येतच होत्या. पाहावं तेव्हा एका खोलीत काळ्या डोक्यांचं रान.

"उठू नका रे," बाईंनी सांगून पाहिलं. पोरं अर्धी उठली, ओशाळली, आणि अर्ध्यातच अवघडून राहिली. मास्तर आले आणि बसून राहिलं, हे त्यांच्या अंगातच नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "वो तो उठेंगेच जी. तुम मशीन ऊपर करो."

लोहारानं बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव कापून पट्ट्या करून दिल्या. त्यांच्यावर प्रोजेक्टर आढ्याला उलटे टांगले. मग चित्रही उलटं आलं, बैल पाय वर करून दिसला, आणि मराठी वर्ग हसून हसून बाकाखाली गेला. बाईंनी यंत्रातलं कुठलंसं बटन शोधून बैल सरळ केला. त्यानंतर पोरं खुशाल उठू लागली. उजेड डोक्यांवरून जात होता.

शिक्षण खात्याचे साहेब आले तेव्हा शेतात कपाशी फुलली होती, आणि बाईंनी धडाही फुलाचा घेतला होता. फुलापासून बोंडापर्यंत. सकाळी मी सगळ्या तारा ओढून पाहिल्या. मावशींनी मला बोलावून ताटलीत भात वाढला. "खा," म्हणाल्या. "आज कोणता पिच्चर आहे?"

"फुलाचा."

"चालन ना शेवटपावतर?"

"चालंल," मी म्हटलं आणि अर्धा भात टाकून उठलो. मावशींनी दारातून मराठी वर्गाकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा पातेल्याकडं वळल्या.

साहेब उंच, सावळे, कमी बोलणारे. आधी ते मराठीच्या दारात आले. वर्ग उभा राहिला, नमस्ते झालं. साहेबांनी पडद्याकडं पाहिलं, तारांकडं पाहिलं, मान हलवली आणि हेडमास्तरांबरोबर तसेच पुढं तेलुगूच्या खोलीत गेले. बाई तिथंच होत्या. डबा टिक टिक करत होता. तिन्ही दारांत हिरवा ठिपका, मग पिवळा, मग तांबडा. एकही दिवा लागला नव्हता. माझ्या जन्मात इतका बिनचूक खेळ झाला नव्हता.

मी सुखानं मागं टेकलो आणि समोरच्या मराठी वर्गाकडं सहज पाहिलं. वर्ग अजून उभा होता.

साहेबांनी 'बसा' म्हटलंच नव्हतं. बाई तिथं नव्हत्या. आल्यागेल्यांनी बसा म्हटल्याशिवाय ही पोरं बसत नाहीत. सगळी हात खाली सोडून, ताठ, पडद्यापुढं उभी. मावशींची नात वाचणारी होती, ती उभ्यानं दोन ओळी वाचत होती. वह्या बाकांवर मिटलेल्या. चित्रं पुढं पुढं चालली होती आणि कुणी काही लिहीत नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं. पाहुणे आलेले असताना बटन दाबणं त्यांना उद्धटपणाचं वाटत असणार.

मी दारात जाऊन हळूच म्हटलं, "बसा रे."

पोरांनी माझ्याकडं पाहिलं. एकदोघं हसली. मी थेटरवाला. माझ्या सांगण्यावरून बसायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नात कुजबुजली, "काका, साहेबाले सांगू द्या ना."

पलीकडून साहेबांचा आवाज येत होता, "अच्छा है, अच्छा है." म्हणजे चाललं होतं. असंच चालू राहिलं तर साहेब खुश होऊन जाणार, आणि या उभ्या पोरांना आजचा धडा काय होता ते कधी कळणार नाही. फळ्याशेजारी बटन होतं. माझा हात त्याच्याजवळ गेला आणि थांबला. एवढी वर्षं या हातानं तुटलेली फिल्म दातात धरून जोडली होती, पण चालू चित्र आपणहून कधी बंद केलं नव्हतं. आणि आज, त्याच माणसापुढं, ज्याच्या हातात हा वर्ग होता. थांबलं आणि त्याला वाटलं यंत्र बिघडलं, तर?

मी बटन दाबलं.

टिक बंद झाली. तिन्ही खोल्या गप्प. शेजारून एक पोरगं तेलुगूत काहीतरी ओरडलं, मग हेडमास्तरांचा आवाज, घाबरलेला, "क्या हुआ? कौन रोका?" आणि बाई व्हरांड्यातून चालत आल्या, धावत नाही. मागोमाग साहेब.

बाईंनी दारातून पाहिलं. "अरे, उभेच काऊन तुमी?"

पोरांनी साहेबांकडं पाहिलं. मग नात म्हणाली, "बाई, साहेबानं बसा म्हटलंच नाई."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी साहेबांना तेलुगूत सांगितलं. साहेबांचा चेहरा आधी कोरा राहिला, मग ते एकदम कानाला हात लावून म्हणाले, "अरे, माफ करो बाबा! बैठो, बैठो सब!" वर्ग धाडकन बसला. साहेब स्वतःही मागच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "अब चलाओ."

"सर, आदी त्यांचं मागचं राह्यलं," बाई म्हणाल्या, आणि तेच पुन्हा तेलुगूत सांगितलं. चित्रं मागं नेली. पांढरं फूल. वह्या उघडल्या. पांढऱ्या फुलानंतर बोंडाचं चित्र आलं आणि पुन्हा माझ्या टेबलावरचा दिवा लागला. या वेळी नात उठून बटनापाशी गेली होती.

"बाई, मधातलं गुलाबी फूल कुठं गेलं?"

"कोणतं गुलाबी?"

"पयल्या दिवशी पांढरं राह्यते. दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. मंग गळते. तुमी पांढऱ्याच्या मांगं एकदम बोंड दाखवलं. आन् गुलाबी होते काऊन?"

वर्गातली सगळी डोकी हलली. प्रत्येकाच्या घरी कापूस होता. बाईंनी पडद्याकडं पाहिलं. "हो गं. ते चित्र घालायचं राह्यलंच मायाकडून. आन् काऊन होते ते मी पाहून उद्या सांगते."

साहेबांनी काय म्हणाली ते विचारून घेतलं. "मैं कोयले का आदमी," ते म्हणाले. "बेल्लमपल्ली में बड़ा हुआ. कपास का फूल देखाच नहीं मैं. गुलाबी भी होता?"

"होता ना सर!" असं तिन्ही खोल्यांतून ओरडणं आलं. भिंती छपराला टेकत नाहीत, त्यामुळं सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. मग विचारू नका. तेलुगूच्या एका पोरानं कुंपणापलीकडून फूल आणलं, मराठीच्या एकानं दुसरं, आणि साहेबांच्या हातात एक पांढरं आणि एक गुलाबी अशी दोन फुलं देऊन धडा पुढं चालला. तेवढ्या वेळात दिवे किती वेळा लागले ते मी मोजलं नाही. पाहुण्यांपुढं थांबवलेलं चालतं, हे पोरांना आता कळलं होतं.

जाताना साहेब माझ्या टेबलापाशी थांबले. लग्नाच्या माळेचा डबा पाहिला, उघडे माऊस पाहिले, आणि हेडमास्तरांना म्हणाले, "रहने दो तीनों. अगले साल फिर देखते." बस, इतकंच. पुढच्या वर्षीही त्यांनी ते तिन्ही राहू दिले.

मी चुलीकडं गेलो. मावशी पातेलं घासत होत्या. त्यांनी वर न पाहता विचारलं, "मधातच बंद पडला म्हनं पिच्चर?"

"बंद पडला न्हाई. थांबवला."

"कोनं?"

"एकदा मी. मग तुमच्या नातीनं."

मावशींचे हात थांबले. मग त्यांनी राखेची चिमूट घेतली आणि पातेलं पुन्हा घासायला लागल्या, जरा जोरातच. "मंग?" म्हणाल्या.

"राह्यला वर्ग."

त्यांनी पदरानं नाक पुसलं, आणि सकाळी मी अर्धा टाकलेला भात झाकून ठेवला होता तो माझ्यापुढं सरकवला.

मी अजून त्याच व्हरांड्यात बसतो. फुलाचा धडा आला की आता पांढऱ्यानंतर गुलाबी येतं, आणि ते गुलाबी का होतं ते मलाही माहीत झालंय. सातवीची सगळी चित्रं मी इतक्यांदा पाहिलीत, की अर्धी राहिलेली ती सातवी आता पुरी झाली म्हणायला हरकत नाही. धाकधूक गेली असं नाही, ती जन्माची सोबतीण आहे. पण टेबलावरचा दिवा लागला की मी हल्ली डबा तपासायला उठत नाही. मागं टेकतो आणि कान देतो. कुठल्यातरी खोलीत कुणीतरी काहीतरी विचारत असतं.